रित्या हौद्याची यात्रा : अमेरिकन पिकअप ट्रक आणि स्मृतीचा उत्सव

वाहनांच्या इतिहासात राजरथाला जे स्थान मिळते ते बैलगाडीला सहसा मिळत नाही. जे वाहन मिरवते ते जपले जाते आणि जे राबते ते झिजून नाहीसे होते. या सर्वसाधारण नियमाला विसाव्या शतकातील अमेरिकेने एक लक्षणीय अपवाद निर्माण केला. पुढे दोघातिघांपुरती बसण्याची जागा आणि मागे उघडा हौदा असलेला ‘पिकअप ट्रक’ हे मुळात शेतकऱ्याचे, सुताराचे, किरकोळ व्यापाऱ्याचे ओझ्याचे वाहन. आज तेथे दरवर्षी भरणाऱ्या जुन्या वाहनांच्या मेळाव्यांत चाळीस-पन्नासच्या दशकांतील हे ट्रक मोठ्या संख्येने दिसतात. आणि त्यांचे अनेक मालक ते दुसऱ्या गाडीवर लादून न आणता शेकडो मैल स्वतः चालवीत आणतात. श्रमाचे साधन स्मृतीचे साधन कसे झाले आणि या स्थित्यंतरात श्रमाच्या इतिहासातले काय राहिले व काय गळाले, हा प्रश्न वाहनशास्त्राइतकाच संस्कृतीच्या अभ्यासाचाही आहे.

पिकअपचा जन्म कारखान्याच्या आधी शेताच्या बांधावर झाला. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती निघाल्या. ती खेड्यापाड्यांत पोचली तेव्हा शेतकऱ्यांनी तिच्या मागच्या बैठका काढून तेथे लाकडी पेटी बसविली आणि तिच्यातून धान्य, दुधाचे कॅन, डुकरांची पिल्ले बाजाराला नेली. गावचा लोहार किंवा सुतार हाच या वाहनाचा पहिला अभियंता होय. फोर्ड कंपनीने १९१७ साली एक टन वजन वाहणारी ‘टीटी’ ही मजबूत चौकट बाजारात आणली. आणि एप्रिल १९२५ मध्ये पोलादी हौदा बसविलेली छोटी गाडी कारखान्यातच तयार करून २८१ डॉलर किमतीला विकावयास काढली. तिचे इंजिन अवघ्या २० अश्वशक्तीचे होते. लोकांनी गरजेपोटी जे आधीच रूढ केले होते त्याला कंपनीने आकार आणि नाव दिले, असेच या घटनेचे वर्णन करावे लागेल.

हे घरगुती रूपांतर अमेरिकन साहित्यात अमर झाले ते जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या १९३९ सालच्या कादंबरीमुळे. धुळीच्या वादळांनी आणि कर्जाने जमिनीवरून उखडले गेलेले ओक्लाहोमातील जोड कुटुंब ज्या गाडीतून कॅलिफोर्नियाला निघते, ती कारखान्यातला ट्रक नव्हे. जुन्या हडसन मोटारीचा मागचा भाग छिन्नीने कापून तिला हौदा जोडलेला आहे. त्या हौद्यात तीन पिढ्यांचे कुटुंब बसते. मोहावे वाळवंट ओलांडताना आजीचा मृत्यूही तेथेच होतो आणि तपासणी चौकी पार व्हावी म्हणून आई रात्रभर त्या मृतदेहाशेजारी पडून राहते. वाटेत सोबतच्या विल्सन दांपत्याच्या मोटारीचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जळते, तेव्हा टॉम आणि अ‍ॅल हे दोघे भाऊ भंगारच्या अड्ड्यातून दुसरा रॉड काढून आणून तो बसवितात. या प्रसंगात स्टाइनबेक यांनी यंत्रज्ञानाला दिलेली जागा विलक्षण आहे. गाडीचे कान देऊन ऐकणे, तेलाचा वास ओळखणे, हाताच्या स्पर्शाने दोष शोधणे ही निर्धन माणसाची विद्या तेथे कुटुंबाच्या जगण्यामरण्याशी जोडली गेली आहे. पिकअपच्या पुढील सर्व गौरवामागे ही प्रतिमा उभी आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या आरंभी, नागरी वापराच्या मोटारींचे उत्पादन अमेरिकेत थांबविण्यात आले. युद्ध संपले तेव्हा शेतीवर आणि बांधकामावर वाहनांची मोठी निकड होती. लष्करी ट्रकवर आधारलेली डॉज कंपनीची ‘पॉवर वॅगन’ १९४६ साली आली. १९४७ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ श्रेणी आणि १९४८ साली फोर्डची ‘एफ’ श्रेणी बाजारात आली. गोलसर नाक, रुंद टप आणि आडव्या पट्ट्यांची जाळी असलेला शेव्हरोले ३१०० हा अर्धा टन क्षमतेचा ट्रक १९५५ च्या प्रारंभापर्यंत निघत राहिला. आजच्या मेळाव्यांत सर्वांत सहज ओळखू येणारी आकृती बहुधा त्याचीच असते. त्याच १९५५ साली शेव्हरोलेने ‘कॅमिओ कॅरिअर’ हा सपाट बाजूंचा, मोटारीसारखा नटविलेला ट्रक काढला. ओझ्याच्या वाहनाला रूपाची जाणीव झाली ती येथून. पुढे हे वाहन शहराबाहेरील वसाहतींतील घरांसमोर उभे राहू लागले आणि त्याचा हौदा हळूहळू रिता होत गेला.

या बदलाचा साक्षीदार पुन्हा स्टाइनबेकच आहेत. १९६० च्या शरद ऋतूत ते चार्ली नावाच्या कुत्र्यासह देश पाहण्यास निघाले. त्यासाठी त्यांनी जीएमसी कंपनीचा पिकअप घेतला, हौद्यावर छोट्या नौकेच्या खोलीसारखे घर बसवून घेतले आणि डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीला ‘रोसिनान्ते’ हे नाव दिले. आपल्या भटकण्याचा कोणाला संशय येऊ नये म्हणून शिकारीचे व मासेमारीचे साहित्यही त्यांनी बरोबर ठेवले. या प्रवासाचा वृत्तान्त ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या नावाने १९६२ साली प्रसिद्ध झाला. नोबेल पारितोषिकही त्यांना त्याच वर्षी मिळाले. जोड कुटुंबाची गाडी पोटासाठी धावत होती. रोसिनान्ते हरवलेला देश शोधण्यासाठी धावली. एकाच लेखकाच्या दोन ग्रंथांमधील सुमारे वीस वर्षांत पिकअप हे निर्वासिताचे वाहन न राहता स्मरणयात्रेचे वाहन झाले होते. रोसिनान्ते आज कॅलिफोर्नियातील सलिनास येथे, लेखकाच्या जन्मगावी, राष्ट्रीय स्टाइनबेक केंद्रात जतन केलेली आहे.

जुन्या वाहनांच्या हौशी मंडळींचे संघटन मात्र त्याआधीच सुरू झाले होते. ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था १९३५ साली फिलाडेल्फियात स्थापन झाली आणि पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे तिचा शरद मेळावा १९५५ पासून भरू लागला. तेथे गाड्यांच्या प्रदर्शनाइतकाच जुन्या सुट्या भागांचा बाजारही महत्त्वाचा. ट्रकांच्या इतिहासासाठी स्वतंत्र संस्था निघावयास १९७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्थापन झालेल्या ‘अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी’चे वार्षिक अधिवेशन निरनिराळ्या शहरांत भरत आले आहे. मोटारी आणि ट्रक यांच्या संघटनांमधील छत्तीस वर्षांचे हे अंतर बोलके आहे. ओझ्याच्या वाहनालाही इतिहास असतो, हे समाजाला उशिराच पटते.

मेळाव्याला गाडी कशी न्यावी, याविषयी हौशी मंडळींत जुना मतभेद आहे. एक पक्ष ती बंद ट्रेलरमधून नेतो. रंगावर ओरखडा नाही, चाकाला चिखल नाही. दुसरा पक्ष ती चालवीतच नेतो. वारीला पायी जाणारा आणि आगगाडीने पंढरपूर गाठणारा, दोघांनाही विठ्ठलाचे दर्शन घडते. परंतु वाट ज्याच्या पायांखालून गेली त्याची वारी वेगळी असते. अनेक मेळाव्यांत सर्वांत दूरवरून चालवीत आणलेल्या गाडीला स्वतंत्र मान दिला जातो, त्यामागे हीच जाणीव आहे.

चालवीत नेण्याचा हा आग्रह वाटेचीही निवड ठरवितो. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले आणि त्यावरील वेग जुन्या ट्रकांच्या आवाक्याबाहेर गेला. चाळीसच्या दशकातील शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे बॅबिट या मऊ मिश्रधातूची ओतीव असत. त्यांना तेल पंपाच्या पूर्ण दाबाने मिळत नसे. रॉडच्या टोकाशी असलेला पळीसारखा भाग ते झेलून घेई. मागच्या आसाचे दातेही ओझे ओढण्यासाठी योजलेले. त्यामुळे वेग थोडा वाढला तरी इंजिनाचे फेरे फार वाढतात. ताशी ४५ ते ५० मैलांच्या वर हा ट्रक तासन्‌तास पळविणे म्हणजे अ‍ॅल जोडच्या काळातील बेअरिंगचा प्रसंग ओढवून घेणे होय. त्यात सहा व्होल्टची मंद विद्युत्‌व्यवस्था आणि ड्रमचे ब्रेक. म्हणून हे चालक महामार्ग सोडून जुने दुपदरी रस्ते धरतात. १९२६ साली आखलेला आणि १९८५ साली अधिकृत नकाशावरून पुसला गेलेला ‘रूट ६६’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. जोड कुटुंब गेले ते याच रस्त्याने. महामार्गाने ज्यांना वळसा घातला ती गावे, त्यांचे जुने पेट्रोलपंप आणि खाणावळी या संथ वाहनांच्या वाटेवर पुन्हा येतात. वाहनाची मर्यादाच येथे इतिहासाची वाटाडी होते.

संग्रहालयातील रोसिनान्ते आणि रस्त्यावरचा ३१०० यांत यामुळेच एक मूलभूत भेद आहे. संग्रहालयात वस्तू टिकते. रस्त्यावर वस्तूबरोबर विद्याही टिकते. कार्ब्युरेटरचा सूर लावणे, चाकाजवळच्या सांध्यात ग्रीस भरणे, थंड सकाळी चोक किती ओढावा हे जाणणे, यांतले पुष्कळसे ज्ञान पुस्तकात असले तरी हातात उतरते ते वापरानेच. लोकगीत जसे गायले गेले नाही तर केवळ संहिता होऊन उरते, तसेच हे आहे. वाटेत बंद पडलेला ट्रक रस्त्याच्या कडेला दुरुस्त करून मेळाव्याला पोचणारा माणूस एका मौखिक परंपरेचा वाहक असतो.

तथापि या उत्सवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेतील अनेक राज्यांत पंचवीस वर्षांहून जुन्या वाहनाला ‘ऐतिहासिक’ क्रमांकपट्टी मिळते. तिच्या अटींनुसार गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला, संस्थेच्या मेळाव्याला नेता येते, परंतु रोजच्या वाहतुकीला वापरता येत नाही. ज्या कामासाठी वाहन जन्मले ते काम सोडून देणे ही त्याच्या सन्मानाची अट ठरते. हौद्यातील लाकडी फळ्यांवर आता चकाकते रोगण असते आणि तेथे धान्याचे पोते ठेवण्यास मालक धजत नाही. पोत्याबरोबर हौद्यातील माणूसही या चित्रातून नाहीसा होतो.

तो माणूस कोण होता? १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ करारांखाली मेक्सिकोतील मजूर लाखोंच्या संख्येने अमेरिकन शेतांवर राबले आणि पुष्कळदा ट्रकांच्या उघड्या हौद्यांतून शेतोशेती नेले गेले. १७ सप्टेंबर १९६३ रोजी सलिनासच्या खोऱ्यातील चुआलार गावाजवळ अशाच एका वाहनाला मालगाडीने धडक दिली. सपाट ट्रकवर दोन लांब बाकडी आणि छत बसवून त्याची बस केलेली होती. त्या अपघातात ३२ मजूर मृत्युमुखी पडले. करारांविरुद्धच्या जनमताला त्यामुळे बळ मिळाले आणि १९६४ च्या अखेरीस ती व्यवस्था संपली. रोसिनान्ते जेथे जतन केली आहे त्या सलिनासपासून हे ठिकाण मोटारीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. एकाच खोऱ्यात ट्रकावर बसविलेले लेखकाचे घर आणि ट्रकावर बसविलेली मजुरांची बाकडी. पहिले जतन झाले, दुसऱ्याची आठवण प्रामुख्याने मजुरांच्या वारसांनी आणि चळवळींनी वाहिली. पुनरुज्जीवित ट्रकाचे सौंदर्य या जाणिवेवाचून अपुरेच राहते.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि तो १९५४ साली बंद केला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक निघाले. या वाहनांनी घाटरस्त्यांवर मालाची ने-आण केली आणि शेवटी त्यांतली बहुतेक भंगारात गेली. १९६४ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘स्टेट्समन’च्या शर्यतीपासून भारतातील जुन्या गाड्यांच्या सोहळ्यांत सर्वाधिक कौतुक झाले ते संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या मोटारींचे. भारत सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, तेही व्यापारी कामाला न लावलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना डोळ्यांपुढे ठेवून. राबलेल्या वाहनाला स्मृतीत जागा देण्याचा विचार येथे अद्याप रुजावयाचा आहे.

त्या दृष्टीने अमेरिकन पिकअपचा वार्षिक प्रवास अर्धे यश ठरतो. सामान्य माणसाच्या अवजाराला राजरथाच्या पंक्तीला बसविण्याचे काम त्याने केले आणि ते चालते ठेवून त्यामागची हस्तविद्याही जपली. उरलेले अर्धे काम हौद्यात बसून गेलेल्या माणसांची नावे आणि वाटा शोधण्याचे आहे. ते इतिहासकाराइतकेच साहित्याचेही आहे. स्टाइनबेक यांनी कापलेल्या हडसनच्या हौद्यात एक अख्खे कुटुंब बसविले, तेव्हा ते काम कसे करावे याचा पाठ त्यांनी घालून दिलेलाच आहे.