रंगवलेले वार्धक्य

मराठी रंगभूमीवरील वार्धक्याचा इतिहास हा वार्धक्याकडे पाहणाऱ्या दृष्टीचाही इतिहास आहे. देवलांच्या ‘संगीत शारदा’तील (१८९९) भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहतो; तेथे म्हातारपण उपहासाचे लक्ष्य आहे, आणि बालाजरठ विवाहाविरुद्ध लोकमत घडवण्याच्या त्या काळात ते स्वाभाविकच होते. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) वृद्धच शोकनायक झाला. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त ती भव्यताही उरली नाही; उरले ते मुलांची वाट पाहणारे एक साधे मध्यमवर्गीय जोडपे.

केवळ संहिता वाचताना या परंपरेतील एक बाब नजरेतून सुटते. गणपतराव बेलवलकर प्रथम साकारले तेव्हा डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. प्रेक्षकांना हेलावून टाकणारे ते म्हातारपण प्रौढ वयाने कल्पिलेले होते. याउलट २०१६च्या ‘नटसम्राट’ चित्रपटातील नाना पाटेकर पासष्टीचे होते. भावे-सुकथनकरांच्या ‘अस्तु’त स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका करणारे मोहन आगाशेही साठी ओलांडलेले होते. ऑनलाइन वर्गात दृश्य थांबवून पुन्हा पाहता येते. या चेहऱ्यावरील अभिनय कोणता आणि वय कोणते, हा प्रश्न तेथे विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो.

परंतु या माध्यमाचे खरे महत्त्व आणखी वेगळे आहे. २०२० साली टाळेबंदीत वर्ग घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी ६५ वर्षांवरील व्यक्तींना शक्यतो घरातच राहण्याच्या शासकीय सूचना होत्या. महाविद्यालयाच्या खोलीत वृद्ध हा कायम अनुपस्थितांविषयीचा विषय होता. आता बेलवलकरांच्या मुलांच्या कृतघ्नतेची चर्चा चालू असताना एखाद्या घरात आजोबा ती ऐकत बसलेले असणे शक्य झाले. अशा वेळी ‘वृद्धांची व्यथा’ हे परीक्षेतील ठराविक उत्तर विद्यार्थ्याला सहजासहजी उच्चारता येत नाही.

म्हणून या नाटकांवरील स्वाध्यायात एक प्रश्न अवश्य असावा : एखादा प्रवेश घरातील अथवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीबरोबर पाहा आणि तिला त्यातील काय पटले नाही, ते तिच्याच शब्दांत लिहा. आपली समीक्षा आजवर बव्हंशी नाटककाराच्या करुणेची थोरवी सांगत आली आहे. ती करुणा ज्यांच्याविषयी आहे, त्यांची असहमतीही या इतिहासात नोंदवली गेली पाहिजे.