सहलीआधीचा माहितीपट: बखर की पत्र?



फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. याआधी दिल्लीत संमेलन भरलं होतं ते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे तब्बल ७१ वर्षांनी हा योग आला. आता एवढ्या लांब आलोच आहोत तर दिल्ली पाहूनच जाऊ, असं कुणाच्याही मनात येणार. आणि दिल्ली पाहायची ठरली की आजकाल घरोघरी पहिली गोष्ट काय होते? जेवणं आटोपली की टीव्हीवर किंवा मोबाइलवर दिल्लीवरचा एखादा माहितीपट लावला जातो. कुतुबमिनार, लाल किल्ला, चांदणी चौकातले पराठे. तासाभरात सगळं घर म्हणतं, ठरलं, हे सगळं बघायचं.

आजचा आपला प्रश्न एवढाच, की सहल आखायला हा माहितीपट खरंच उपयोगी पडतो का? प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे वर्षभर साठवलेली रजा असते, चार दिवस असतात आणि आजीचे गुडघे असतात. माहितीपट चुकला तर त्याचं काही जात नाही, आपला दिवस मात्र जातो.

याचं उत्तर शोधायला आपण जरा आडवाटेनं जाऊ. १८९८ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० पासून १७६१ पर्यंतची, म्हणजे पानिपतापर्यंतची अस्सल पत्रं होती. तोवर पानिपत आपल्याला मुख्यतः बखरींतून माहीत होतं. राजवाड्यांनी पत्रं पुढे ठेवली आणि बखरी त्यांच्यावर घासून पाहिल्या. बखरीत आकडे फुगतात, तारखा घसरतात, संवाद रंगतात. पत्र रूक्ष असतं, पण ते त्या दिवशी, त्या जागी बसून लिहिलेलं असतं. धान्य संपलं, पैसा नाही, अमुक दिवशी कूच केलं, असल्या गोष्टी पत्रात सापडतात.

माझं म्हणणं असं, की प्रवासाचा माहितीपट ही आजच्या काळातली बखर आहे. ती वाईट नाही, पण तिला पत्राचं काम सांगितलं की फसगत होते. दिल्लीतलीच उदाहरणं घेऊ.

पहिलं उदाहरण शंभर वर्षांहून जुनं आहे. १२ डिसेंबर १९११ ला दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा त्याच दरबारात झाली. चार्ल्स अर्बन या निर्मात्यानं राजाराणीच्या या भारतभेटीचं रंगीत चित्रीकरण केलं आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनच्या स्काला थिएटरमध्ये ते दाखवायला सुरुवात केली. कार्यक्रम सुमारे अडीच तासांचा होता. लोकांनी गर्दी केली. ही किनेमाकलर नावाची पद्धत होती. तिच्यात लाल आणि हिरवा या दोनच रंगांच्या फिल्टरमधून चित्र घेतलं जाई आणि बाकीच्या छटा त्यांच्यातूनच भागवाव्या लागत.

आता कल्पना करा, हा चित्रपट पाहून लंडनचा एखादा माणूस पुढच्या वर्षी दिल्लीला निघाला. त्याला काय दिसलं असतं? दरबारासाठी उभारलेलं तंबूंचं शहर केव्हाच उठलं होतं. नव्या राजधानीचे पायाभरणीचे दगड राजानं दरबाराच्या परिसरात बसवले होते, पण पुढे जागाच बदलली आणि नवी दिल्ली रायसीना टेकडीवर उभी राहिली. चित्रपटात खोटं काही नव्हतं. तो एका महिन्याच्या दिल्लीचा होता, इतकंच. आज त्या मैदानात कोरोनेशन पार्क आहे. इंडिया गेटजवळच्या छत्रीखालचा पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये काढला, तो आता तिथे उभा आहे.

म्हणून कोणताही माहितीपट पाहताना पहिला प्रश्न विचारायचा: हा कधी चित्रित केला? लावला कधी ते नाही, चित्रित कधी केला. दिल्ली हे झपाट्यानं बदलणारं शहर आहे. इंडिया गेटखाली जळणारी अमर जवान ज्योत २१ जानेवारी २०२२ ला शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन झाली. त्याच वर्षी राजपथाचा कर्तव्यपथ झाला. चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता नव्यानं बांधून २०२१ मध्ये खुला झाला आणि दिवसा तिथे मोटारगाड्यांना बंदी आली. त्याआधीच्या माहितीपटात तुम्हाला दिसेल ती चांदणी चौकातली गाड्यांची कोंडी.

कुतुबमिनाराचं उदाहरण तर डोळ्यांत पाणी आणणारं आहे. मिनार सुमारे ७३ मीटर उंच, आत ३७९ पायऱ्या. एके काळी लोक आतून वर चढत. १९६३ च्या 'तेरे घर के सामने' या चित्रपटात देव आनंद आपल्या नूतनसोबत मिनाराच्या पायऱ्या उतरत गाणं गातो, ते तुम्हाला आठवत असेल. आत कॅमेऱ्याला पुरेशी जागा नव्हती, म्हणून तो जिना स्टुडिओत उभारला होता, असं सांगतात. ४ डिसेंबर १९८१ ला मिनाराच्या आत दिवे गेले, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण दगावले. त्यात शाळेची मुलं बरीच होती. तेव्हापासून जिना लोकांसाठी बंद आहे. जुनी चित्रफीत पाहून मुलांना 'वर चढू' असं कबूल केलंत, तर दारात रडारड ठरलेली.

दुसरा प्रश्न: पैसे कुणी घातले आणि कशासाठी? १९४८ साली सरकारनं फिल्म्स डिव्हिजन सुरू केली. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी तिचे माहितीपट लागत. ज्येष्ठ मंडळींना ते आठवत असतील. त्यात देश घडताना दिसे. धरणं, कारखाने, लोकनृत्यं. याउलट फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांनी १९६८ च्या सुमारास भारतात फिरून सात भागांची मालिका केली. बीबीसीनं १९७० मध्ये ती दाखवल्यावर भारत सरकार इतकं रागावलं की बीबीसीला दिल्लीतलं कार्यालय बंद करावं लागलं. ते १९७२ पर्यंत बंदच होतं. सरकारचं म्हणणं, यात फक्त दारिद्र्य दाखवलं आहे. देश एकच, कॅमेरे दोन, आणि दोघांनीही समोर होतं तेच टिपलं होतं. आजही एखाद्या हॉटेलनं किंवा पर्यटन खात्यानं पैसे दिलेला माहितीपट असेल, तर त्यात गर्दी, ऊन आणि रांग दिसणार नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: दोन दृश्यांच्या मधे काय कापलं आहे? माहितीपटात कुतुबमिनारावरून कॅमेरा क्षणात लाल किल्ल्यावर येतो. प्रत्यक्षात मधे पंधरा-सोळा किलोमीटर आहेत, मेट्रो बदलणं आहे, तपासणीची रांग आहे. आणि तुम्ही सोमवारी पोचलात तर लाल किल्ला बंद. पडद्यावर सोमवार कधी उगवतच नाही. धुकंही सहसा पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे तासन् तास उशिरा येतात, ही गोष्ट पत्रात मिळेल, बखरीत नाही.

आता चौथा प्रश्न, खास आपल्यासाठी. चौकटीबाहेर काय राहिलं? दिल्लीवरच्या बहुतेक माहितीपटांत सात शहरं असतात, मुघल असतात, इंग्रज असतात. मराठे मात्र क्वचितच दिसतात. वास्तविक कोरोनेशन पार्कपासून बुराडी जवळ आहे. तिथल्या यमुनेच्या घाटावर १० जानेवारी १७६० ला दत्ताजी शिंदे पडले. त्यांचं शेवटचं उत्तर बखरीच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आलं आणि मराठी मुलांना ते तोंडपाठ असतं. आज बुराडी म्हणजे दाट वस्ती.

दुसरी जागा नोएडात. ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेच्या पूर्वेला पटपडगंजजवळ दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा जनरल लेकनं पराभव केला आणि दिल्ली मराठ्यांच्या हातून इंग्रजांकडे गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात आहे. तिथे जायचं तर आधी चौकशी करूनच निघा.

तिसरी जागा पानिपत. आजचा पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येतो. दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटर. काला आंब इथे स्मारक आहे, जवळच्या पानिपतात संग्रहालय आहे. जाऊन-येऊन एक दिवस राखून ठेवायला हवा. माहितीपटात हे सगळं दोन मिनिटांत आटपतं आणि नेमकं तेच आखताना चुकतं. शिवाय १४ जानेवारीला तिथे गेलात तर स्वेटरखालीही हाडं गोठतात. दख्खनेतून आलेली फौज उपाशीपोटी त्या थंडीत कशी उभी राहिली असेल, ते त्या मैदानात पाय ठेवल्यावरच कळतं. कोणत्याही पडद्याला ते दाखवता येत नाही.

मग माहितीपट पाहायचाच नाही का? तसं नाही. कुठे जायचं आणि तिथे काय पाहायचं, हे तो उत्तम सांगतो. हुमायूनच्या मकबऱ्याचं घ्या. १९४७ मध्ये फाळणीनंतर याच आवारात निर्वासितांची छावणी होती. पुढे बागेची दुरुस्ती झाली आणि २००३ मध्ये कोरड्या पाटांतून पुन्हा पाणी खेळू लागलं. हे आधी ऐकून गेलात तर तुम्ही त्या पाटापाशी थांबाल. नाहीतर फोटो काढून पुढे जाल. बखर ही ओढ लावते, आणि ओढ नसेल तर घरातून निघणार कोण?

पण तारीख, वेळ आणि अंतर यांसाठी पत्रं शोधा. स्मारकाच्या अधिकृत संकेतस्थळावरची वेळ, मेट्रोचा नकाशा, गेल्याच महिन्यात जाऊन आलेला ओळखीचा माणूस. आणि गंमत म्हणजे, कुणीतरी हातात मोबाइल धरून चांदणी चौकातून न कापता केलेलं अर्ध्या तासाचं ओबडधोबड चित्रीकरणही. ना संगीत, ना निवेदन. पण त्यात पायऱ्या दिसतात, गर्दी दिसते, बसायला जागा आहे की नाही ते दिसतं. आजीला तिथे नेता येईल का, हे देखण्या माहितीपटापेक्षा त्यातून जास्त नीट कळतं. रूक्ष, पण जागेवरचं. अगदी राजवाड्यांच्या पत्रांसारखं.

तेव्हा पुढच्या वेळी सहल ठरवाल तेव्हा एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे माहितीपटानं जागवलेल्या इच्छा लिहा. उजवीकडे प्रत्येक इच्छेसमोर वार, वेळ, अंतर आणि चढायच्या पायऱ्या. उजवी बाजू भरल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि डावीकडे, माहितीपटात नसलं तरी, पानिपत लिहायला विसरू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.