जात्याचा आवाज

५ ऑक्टोबर १९४८ रोजीं पॅरिसच्या नभोवाणीवरून पिएर शेफर यांनीं आगगाडीच्या मुद्रित आवाजांचे तुकडे जोडून रचलेलें संगीत ऐकविलें. जुन्नर-आंबेगांवकडील घरांत चाकाचें संगीत पूर्वींपासूनच होतें: पहांटे जात्याची घरघर आणि तिच्या लयींत ओवी. गिरण्या आल्या, जातीं मुकीं झालीं. सुदैवानें पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्रांत खेडोपाडीं फिरून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार बेल यांच्या साह्यानें शंभराहून अधिक तासांचें ध्वनिमुद्रण झालें. २०१७ पासून ‘पारी’ या संग्रहांत त्या गाणारणीच्या नांवगांवासह प्रसिद्ध होत आल्या आहेत. उद्यां कोणी या आवाजांचेहि तुकडे जोडून नवें संगीत रचील. अवश्य रचावें, परंतु आगगाडीला नांव नव्हतें, ओवी गाणारीला आहे. तेवढें गाळूं नये.