सेंट जोसेफ गावची मशीद

वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर संत योसेफाच्या नावाचे एक गाव आहे. १५९२ साली स्पॅनिश लोकांनी ते वसवले आणि तीनच वर्षांत वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने ते जाळले. बेटाची ही पहिली राजधानी. येथे जुने कॅथोलिक चर्च आहेच. परंतु ईस्टर्न मेन रोडने जाणाऱ्याची नजर ठरते ती १९५४ साली उभ्या राहिलेल्या मशिदीवर. मध्यभागी भव्य घुमट, भोवती लहान घुमट, दोन उंच मिनार. आत सुमारे १००० जण नमाज पढू शकतात. तिचे नाव ‘जिना स्मारक मशीद’.

या नावापाशी आपल्यापैकी बरेच जण थबकतील. पण ती बांधणारे कोण होते?

१८३८ मध्ये गुलामगिरी पुरती संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाज पहिले हिंदी गिरमिटिये घेऊन आले. १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे आली. बहुतेक गंगेच्या खोऱ्यातली. हिंदू अधिक, मुसलमान थोडे. १८८४ साली सॅन फर्नांडो शहरात ताबूत नेण्यास बंदी झाली. ती मोडणाऱ्यांवर गोळीबार झाला. मृतांत हिंदूही होते, कारण ताबुतांच्या मिरवणुकीत तेही सामील होत.

त्याहून खोल दुखणे विवाहाचे होते. धर्मरीतीने लग्न लागले, तरी वेगळ्या सरकारी नोंदणीवाचून कायदा ते मानीत नसे. बहुतेकांनी ती केली नाही, म्हणून त्यांची मुले अनौरस ठरत. मुसलमानांच्या विवाहाला १९३५ च्या कायद्याने मान्यता मिळाली, हिंदूंच्या विवाहाला आणखी दहा वर्षांनी. विवाहाची नोंदवही नित्य हाताळणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना ही गोष्ट विशेष बोचते. चर्चमध्ये लागलेल्या लग्नाला ही अडचण नव्हती.

ज्यांचे लग्नही कायद्याच्या लेखी लग्न नव्हते, त्यांना १९४७ साली जगाच्या नकाशावर स्वधर्मीयांचे एक नवे राष्ट्र दिसले. त्याच्या संस्थापकाचे नाव त्यांनी मशिदीला दिले, ते आपली दखल घेतली जावी म्हणून, असे आम्हांस वाटते. आपल्या मुंबईतही काँग्रेस हाउसच्या आवारात जिनांच्या नावाचे सभागृह आहे. १९१८ च्या विलिंग्डनविरोधी चळवळीनंतर ते लोकवर्गणीतून उभारले गेले. तेव्हा त्या नावाचा अर्थ अगदी निराळा होता.

गिरमिटियांनी सोडलेले उत्तर प्रदेश-बिहारचे जिल्हे मात्र फाळणीनंतर भारतातच राहिले.