पाच लाख घरांचे वचन

११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध थांबले. त्याच महिन्यात ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी वुल्व्हरहॅम्प्टन येथील सभेत ग्वाही दिली, की वीरांना राहण्याजोगा देश घडवणे हेच आता आपले काम. निवडणूक तोंडावर होती. युद्धानंतर सरकारे अशी वचने देतातच. हे वचन मात्र आपण मुद्दाम तपासावे असे आहे, कारण त्यातून पुढे एक आकडा निघाला : तीन वर्षांत पाच लाख घरे.

या वचनामागे केवळ कृतज्ञता नव्हती. युद्धाच्या अखेरच्या वर्षात सैन्यभरतीसाठी सुमारे २४ लाख वैद्यकीय तपासण्या झाल्या. त्यांत पहिल्या श्रेणीत बसले अवघे ३६ टक्के. कोंदट, दाटीच्या वस्त्यांचा आरोग्याशी असलेला संबंध त्यामुळे सरकारला टाळता येईना. शिवाय रशियातील क्रांतीची धास्ती होतीच.

काम सोपवले गेले ख्रिस्तोफर ॲडिसन यांच्याकडे. ते मूळचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि ब्रिटनचे पहिले आरोग्यमंत्री. घर कसे असावे, हे ट्यूडर वॉल्टर्स समितीने १९१८ मध्येच सांगितले होते : शहरात एकरी १२ हून अधिक घरे नकोत, खोल्यांत ऊन यावे, आंघोळीची सोय घरातच असावी.

१९१९ च्या कायद्याने घरे बांधण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. खर्चाची वाटणी कशी होती ते पाहू. करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे एक पेनी, एवढाच तोट्याचा भार नगरपालिकेने उचलायचा. उरलेला सगळा सरकारी तिजोरीतून. तेव्हा पौंडाचे पेनी होते २४०. म्हणजे घर कितीही महाग पडले, तरी नगरपालिकेला काटकसरीचे कारणच उरले नाही. त्यात गवंडी कमी, विटा कमी, आणि शेकडो नगरपालिकांची मागणी एकाच वेळी. युद्धापूर्वी सुमारे २५० पौंडांत होणारे घर १९२० च्या अखेरीस ९०० पौंडांवर गेले. पैसा वाढला, पण त्या प्रमाणात घरे वाढली नाहीत. वाढल्या त्या किमती.

१९२१ मध्ये मंदी आली, काटकसरीची ओरड झाली, ॲडिसन यांना जावे लागले आणि योजना आवरती घेण्यात आली. नगरपालिकांची घरे झाली पावणेदोन लाखांच्या आसपास. तीही चांगली, पण भाडे असे की सर्वांत गरीब कुटुंबे बाहेरच राहिली.

मग हे वचन वाया गेले का? तसे म्हणता येणार नाही. सामान्यांचे घर ही शासनाची जबाबदारी, हे तत्त्व टिकले. १९२४ मध्ये मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री जॉन व्हीटली यांनी आधी बांधकाम व्यवसायातील मालक आणि कामगार संघटनांशी बोलणी केली. शिकाऊ कामगार वाढवावेत, त्याबदल्यात पंधरा वर्षे काम मिळेल, असे ठरले. १९३३ मध्ये हे अनुदान बंद झाले, तोवर त्यातून पाच लाखांवर घरे उभी राहिली होती. आकडा जवळपास तोच, मात्र हात आधी मोजलेले.

इतिहासाच्या तासाला एखादे वचन आले, की विद्यार्थ्यांपुढे चार प्रश्न ठेवता येतील. किती? कधीपर्यंत? पैसा कोणाचा? आणि काम करणारे हात कोठून येणार? ॲडिसन यांच्या योजनेत पहिल्या तीन प्रश्नांना उत्तरे होती. ती अडली चौथ्यापाशी.