सीमेवरचे रतनपूर

साम्राज्याची खरी पारख राजधानीत नव्हे, सीमेवर होते. रोमचे शिपाई ऱ्हाइनकाठी आपली भाषा नि देव घेऊन गेले आणि तेथल्याच लोकांत मिसळले. नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगढातही तसेच घडले. १७४१ साली भास्करपंतांनी रतनपूर जिंकले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथेच राहून राज्य करू लागले. त्यांनी टेकडीवर राममंदिर उभारले, दप्तरात मोडी आणली. दसऱ्याला सोने वाटण्याची चालही त्यांचीच मानतात. १७८७ नंतर सुभेदार आले आणि नागपुराला हा प्रांत म्हणजे केवळ वसूल वाटू लागला. १८५४ साली ती सत्ताही संपली. चाल मात्र टिकली. भिलाईत आज देशभरची माणसे नांदतात. त्यांना रतनपूर एवढेच सांगते : जो नांदला, त्याचेच काही मागे उरले.