उपज आणि तबकडी

ख्यालगायनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला एक अडचण सतत भेडसावते. ज्याच्यासाठी मैफलीला जायचे, नेमका त्याचाच पुरावा मागे राहत नाही. बंदिश राहते. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराणेदार गवयांकडून मिळवलेल्या शेकडो चिजा स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. पण एखाद्या गवयाने त्या रात्री ती चीज कशी वाढवली, कोणत्या स्वरावर थांबून श्रोत्यांना ताटकळत ठेवले, हे त्या पानांवर सापडत नाही. आपले गवई त्याला ‘उपज’ म्हणतात.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. आता उपजही टिकेल, असे वाटण्याजोगा तो क्षण होता. प्रत्यक्षात तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. विलंबित एकतालाची मोजकी आवर्तने झाली की तेवढा वेळ सरतो. मायक्रोफोन येण्यापूर्वी गायकाला कर्ण्यासमोर गावे लागे. समोर रसिक नाहीत, दाद नाही. तबकडीवर कोण गात आहे हे कारखान्यातल्या लोकांना कळावे, म्हणून शेवटी स्वतःचे नाव पुकारण्यापुरती जागाही राखावी लागे. काय गायचे आणि काय गाळायचे, हे आधीच ठरवणे भाग होते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आजही मन हलवतात, याचे श्रेय त्यांच्या निवडीला आहे. पण आपल्या कानी पडते ती निवड झाल्यानंतरची गोष्ट.

निवड होताना कशी दिसते, हे मी गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका घरगुती बैठकीत पाहिले. यमनमधला ख्याल चालू होता. गायिकेचा मुखडा एक मात्रा आधीच संपला आणि सम हुकली. तबलजीने मान वर केली. पुढच्या आवर्तनात तिने तोच मुखडा मुद्दाम तसाच, एक मात्रा आधी सोडला आणि त्यापुढच्या वेळी बरोबर समेवर आणला. हुकलेल्या समेची जागा झाली. बैठक एकदम ‘वा’ म्हणून गेली.

हे आयत्या वेळी सुचले, यात शंका नाही. पण ताल अंगात मुरलेला नसता, तर सुचले नसते. गुरूकडून जसेच्या तसे उचलले ती नायकी आणि त्यात स्वतःची भर घातली ती गायकी, हा जुना भेद इथे कामी येतो. अल्लादिया खाँसाहेब आणि भास्करबुवा बखले या दोघांच्याही गाण्याचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. तरी त्यांची परंपरा खंडली नाही. खाँसाहेबांची तालीम केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना मिळाली. मोगूबाईंकडून ती किशोरी आमोणकरांकडे आली. घराणे एक, पण तिघींचे गाणे वेगवेगळे. कोणता स्वर लावायचा याबरोबरच पुढचा स्वर कसा निवडायचा, हेही त्या तालमीने शिकवले असणार. बुवांच्या शिष्यांत बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे दोघे होते, यावरूनही तेच दिसते.

पुढे एलपी आली, कॅसेट आली. आता प्रत्येक मैफल कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असते. वेळेचे बंधन सुटले, पण दुसरीच गोष्ट घडली. एखाद्या थोर गायकाने एका रात्री सहज घेतलेला आलाप विद्यार्थी आज बंदिशीसारखा पाठ करतात आणि श्रोतेही तोच ऐकायच्या तयारीने येतात. एका रात्रीची गायकी अशी शंभरजणांची नायकी होते. दोष यंत्राचा नाही. त्याने जपलेले ऐकून आपण काय मागतो, हा प्रश्न आहे. सम हुकण्याची मुभा ज्या श्रोत्यांनी काढून घेतली, त्यांच्यासमोर गवई पाठ केलेलेच गाईल; आणि ते कितीही सुरेल असले, तरी त्याला उपज म्हणता येणार नाही.